‘लागलं का?’ ऐवजी ‘आज काय केलंस?’

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली, माणसे बाहेर आली, चपला शोधू लागली, की एक प्रश्न हमखास कानावर येतो. “काय रं, लागलास का कुठं?” विचारणारा मनाने वाईट नसतो. पोराची चौकशी करावी, एवढाच त्याचा हेतू असतो. पण ज्याला विचारले तो पोरगा पुढच्या रविवारी विहारात येत नाही. नंतर तो लग्नाला येत नाही, बारशाला येत नाही, आणि पुढे पुढे तर घरातल्या माणसांसमोर जेवायलाही बसत नाही. ताट वाढून झाकून ठेवले जाते. सगळे झोपल्यावर तो जेवतो.

वाचक बंधू-भगिनींनो, अशी घरे आपल्या वस्तीत किती आहेत ते आम्ही सांगायला नको. बी.ए. झाला, बी.कॉम. झाला, आय.टी.आय. झाला, पोलीस भरतीसाठी चार वर्षे पहाटे मैदानावर पळाला, दोन गुणांनी हुकला. मुलगी डी.एड. होऊन बसली आहे. आईने कानातले मोडून क्लासची फी भरली आहे. आता घरात कोणी कोणाशी मोकळे बोलत नाही. नोकरी शोधणे लांबले की पगार तर येत नाहीच, पण त्याआधी घरातले बोलणे संपते. म्हणून आजच्या कुटुंबाच्या पानावर आम्ही या लांबलेल्या काळाबद्दल लिहीत आहोत. हे नोकरी शोधणाऱ्यासाठी आहे, आणि तितकेच त्याच्या आईवडिलांसाठी आहे.

सव्वीस वर्षांचा एक तरुण

सन १९१७. एक सव्वीस वर्षांचा तरुण परदेशातून शिकून मुंबईला उतरला. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी जवळ होती. पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला होता. लंडनमधला अभ्यास अर्धा राहिला होता, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. त्याने जमवलेली पुस्तके ज्या बोटीवर चढवली होती, ती बोट महायुद्धात शत्रूच्या माऱ्याने बुडाली. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. नोकरी होती, खुर्ची होती, पण शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात पारशी नाव घेऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दोन मित्रांकडे निवारा मागितला, तोही मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. ही हकिकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवली आहे.

बडोद्याच्या बागेतले ते पाच तास आपल्याला ठाऊक आहेत. वक्ते व्यासपीठावरून ते सांगतात. पण त्यानंतरचे जे वर्ष आले, त्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. मुंबईला परतल्यावर नोव्हेंबर १९१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एक वर्ष, बाबासाहेबांना कायमची नोकरी नव्हती. परळच्या बी.आय.टी. चाळीत बिऱ्हाड. रमाई घर सांभाळत होत्या. थोरला यशवंत पाच वर्षांचा. वडील रामजी सुभेदार १९१३ सालीच गेलेले. विलायतेहून शिकून आलेला माणूस आता घरी बसला आहे, असे चाळीत कोणी म्हटले नसेल का? आम्हाला वाटते, म्हटले असेल. माणसे तेव्हाही माणसेच होती.

त्या वर्षात बाबासाहेबांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी दोन विद्यार्थ्यांच्या खाजगी शिकवण्या धरल्या. शेअरबाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची एक कंपनी काढली. काम चालू लागले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले आणि कंपनी बंद करावी लागली. मग त्यांनी एका पारशी गृहस्थाच्या हिशेबाचे आणि पत्रव्यवहाराचे काम केले. कोलंबियाचा एम.ए. दुसऱ्याची पत्रे लिहीत होता. त्यात त्यांना कमीपणा वाटला असे कुठे दिसत नाही. घर चालवायचे होते.

आणि त्याच १९१८ सालात त्यांचा एक महत्त्वाचा लेख अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता भारतातील शेतीचे लहान लहान तुकडे आणि त्यावरचे उपाय. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे रिकामी अडकून पडली आहेत, त्यांच्या हातांना काम मिळायचे तर देशात उद्योगधंदे वाढले पाहिजेत, असे त्यांनी त्यात मांडले. स्वतःला नोकरी नव्हती त्या काळात त्यांनी देशातल्या रिकाम्या हातांचा विचार केला. बर्ट्रांड रसेल यांच्या एका पुस्तकाचे त्यांनी केलेले परीक्षणही त्याच साली आले.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघाली. त्यांनी अर्ज केला. लंडनमध्ये ओळख झालेले मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांना पत्रही घातले. नोव्हेंबर १९१८ मध्ये दरमहा ४५० रुपयांवर नेमणूक झाली. तिथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यावरून कुरबूर झाली. पण वर्गात इतर कॉलेजांतले विद्यार्थी येऊन बसू लागले.

म्हणजे त्या वर्षात नोकरी नव्हती, पण रिकामा दिवस नव्हता. आम्हाला आज एवढेच सांगायचे आहे. नोकरी कधी लागेल हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. आजचा दिवस मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती असतो.

दोष कोणाचा?

नकार आला की पोरगा स्वतःलाच दोष देतो. मीच कमी पडलो, माझ्यातच काही नाही, असे त्याच्या मनात घट्ट बसते. कुठे कमी पडलो ते जरूर पाहावे. पण सगळा दोष आपल्या डोक्यावर घेऊ नये.

आम्ही १९९१ साली बी.कॉम. झालो आणि पहिली नोकरी लागायला चार वर्षे गेली. सेवायोजन कार्यालयाचे कार्ड खिशात घेऊन आम्ही शिरोली आणि गोकुळ शिरगाव पायाखाली घातले. एका कारखान्यात मुलाखत चांगली झाली. हिशेबाचे प्रश्न बरोबर आले. मग साहेबांनी गाव विचारले. आडनावावरून त्यांना नीट अंदाज येईना, तेव्हा गावात घर कुठल्या बाजूला आहे ते विचारले. आम्ही खरे ते सांगितले. “कळवतो,” म्हणाले. आजतागायत कळवले नाही. त्या रात्री आम्ही सायकल हातात धरून चालत घरी आलो. चढायचे बळ नव्हते.

पुढे पुष्कळ वर्षांनी आम्ही प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास वाचला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले होते. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू आडनावाच्या अर्जापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. हे वाचले आणि त्या सायकलच्या रात्रीचा उलगडा झाला. दार बंद होते ते आमच्या हिशेबातल्या चुकीने बंद झालेले नव्हते.

हे सांगतो ते हातपाय गाळण्यासाठी नाही. तिघांना दहा अर्जांत बोलावणे येत असेल, तर आपल्या पोराला पंधरा अर्ज करावे लागतील. हा अन्याय आहे, त्याविरुद्ध भांडलेच पाहिजे. पण तोवर पंधरा अर्ज करायचे आणि पाच जास्तीच्या नकारांनी स्वतःची किंमत कमी समजायची नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या, त्या ही दारे आपोआप उघडत नाहीत हे ओळखूनच.

भोंगा

आमचे वडील शाहू मिलमध्ये होते. मिलचा भोंगा झाला की सारी गल्ली उठायची. आमच्या बेकारीच्या त्या चार वर्षांत आईने एकच नियम लावला होता. भोंगा झाला की उठायचे. कामाला जायचे असो वा नसो. ती स्वतः दुसऱ्यांची धुणीभांडी करायची. संध्याकाळी चुलीपुढे बसली की विचारायची, “आज काय केलंस?” नोकरी लागली का, असे तिने चार वर्षांत एकदाही विचारले नाही. कधी आम्ही सांगायचो, दोन अर्ज टाकले. कधी सांगायचो, गल्लीतल्या पोरांना गणित शिकवले. कधी काहीच केलेले नसायचे. मग ती एवढेच म्हणायची, “बरं. उद्या करशील.”

आई शाळेत गेलेली नव्हती. पण तिला जे उमगले होते, ते जगातल्या विद्वानांनी नोंदवून ठेवले आहे. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्नाजवळ मारियेनथाल नावाचे एक गिरणगाव होते. १९३०च्या सुमारास तिथली गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावात जाऊन पाहणी केली आणि १९३३ साली ती प्रसिद्ध केली. लोकांना वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने चालताना मध्येच थांबत, उगाच उभे राहत. आज दिवसभर काय केले, ते त्यांना सांगता येईना. बायका मात्र झपझप चालत, कारण त्यांना स्वयंपाक होता, पोरे होती, घर होते. त्यांचा दिवस मोडला नव्हता.

ही पाहणी वाचताना आम्हाला आई आठवली. मिल २००३ साली बंद झाली, भोंगा थांबला. आता प्रत्येक घराला आपला भोंगा आपणच वाजवावा लागतो. उठायची वेळ ठरवा. सकाळचे दोन-तीन तास अभ्यासाचे किंवा अर्जांचे. त्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि खोली एकच असेल तर आईजवळ. दुपारी काहीतरी हाताचे काम. संध्याकाळी माणसांत जाणे. एक साधी वही करा. कुठे अर्ज केला, कोणत्या तारखेला, कोणाला भेटलो, काय उत्तर आले, ते लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ती वही उघडली की दिसते, आपण नुसते बसून राहिलो नव्हतो.

हलके काम असे काही नसते

गंगाराम कांबळे यांचे नाव कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. ते शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही द्यायला लावू लागले.

या गोष्टीत आपण नेहमी महाराजांचा मोठेपणा पाहतो, आणि तो आहेच. पण गंगारामांकडेही पाहा. गिऱ्हाईक नसताना रोज सकाळी चूल पेटवून, आधण ठेवून बसणारा तो माणूस होता. महाराजांची गाडी थांबली, तेव्हा हॉटेल उघडे होते म्हणून चहा मिळाला.

परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा सकाळी पेपर टाकतो, मुलगी शिकवण्या घेते, कोणी उद्यमनगरात लेथवर अर्धा दिवस उभा राहतो, कोणी रिक्षा चालवतो. त्यांना नातेवाईक विचारतात, “एवढं शिकून हेच करायचं होतं का?” अशा वेळी घरच्यांनी उत्तर द्यावे. बाबासाहेबांनी शिकवण्या केल्या, दुसऱ्याची पत्रे लिहिली. १९२३ साली बॅरिस्टर होऊन आल्यावर वकिलीत सुरुवातीला पुरेसे काम नव्हते, तेव्हाही १९२५ पासून त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत अर्धवेळ शिकवले. आपल्या पोराने पेपर टाकला तर काय बिघडले?

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आणखी एक सांगणे आहे. किती प्रयत्न करायचे, किती वर्षे द्यायची, हे घरच्यांबरोबर बसून आधी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मागासवर्गीयांना वयात सवलत आहे, म्हणून सारी वर्षे तिथेच घालवली पाहिजेत असे नाही. अभ्यासाबरोबर एखादे हातचे काम शिकून घ्या. आय.टी.आय. झालेल्याने कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करावी. तिथे विद्यावेतन मिळते आणि यंत्रावर हात बसतो. मार्ग बदलणे म्हणजे हरणे नव्हे. बाबासाहेबांनी बडोदा सोडले म्हणून ते हरले नाहीत.

घरच्यांसाठी

आता थोडे आईवडिलांशी बोलतो. पोराला नोकरी नाही म्हणून त्याला घरातल्या निर्णयातून वगळू नका. बहिणीचे लग्न असो, घराची दुरुस्ती असो, त्याचे मत विचारा. शेजारच्या पोराचा पगार त्याच्यासमोर काढू नका. मुलगी नोकरी शोधत असेल तर ‘आता स्थळ बघू’ हा प्रत्येक नकारावरचा उपाय करू नका. तिनेही वर्षे घातली आहेत. आणि भावाला अभ्यासाला वेळ, तर तिला भांडी, असे करू नका.

दुसरी गोष्ट पैशाची. “वर ओळख आहे, तीन लाख द्या, ऑर्डर आणून देतो,” असे सांगणारी माणसे अशाच घरांचा वास काढत येतात. थकलेले घर चटकन विश्वास ठेवते. खरी नोकरी देणारा आधी पैसे मागत नाही. जागा विकत घेतो म्हणून दागिने मोडू नका, शेत गहाण टाकू नका. मूळ दाखले कोणाच्या हातात ठेवून येऊ नका, पाहायला दाखवा आणि परत घ्या. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, रहिवासी दाखला वेळेत करून ठेवा. निवड होऊनही कागदासाठी पळापळ करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. पूर्वी कार्डासाठी रांग लावावी लागे. आता रोजगाराची नोंदणी शासनाच्या महास्वयम संकेतस्थळावर होते. तिथे नाव घालायला पैसे लागत नाहीत.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पोराची झोप उडाली, जेवण तुटले, “माझा काय उपयोग” अशी भाषा तो बोलू लागला, तर त्याला आळशी म्हणू नका आणि एकटा सोडू नका. जवळ बसा. सरकारी दवाखान्यात दाखवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तिथे दिवसरात्र कधीही फोन करून आपल्या भाषेत बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. ताप आला तर आपण दवाखान्यात नेतो, त्यात लाज बाळगत नाही. मन आजारी पडले तरी तसेच करायचे.

समाजानेही आपला वाटा उचलावा. विहारात रविवारी माणसे जमतातच. कोणाच्या कारखान्यात जागा निघाली, कुठली जाहिरात आली, ते तिथे फळ्यावर लिहिता येईल. नोकरीत असलेल्यांनी महिन्यातून एक तास मुलांच्या मुलाखतीची तयारी घ्यावी. ओळखीपाळखीने जागा भरल्या जातात हे आपण रोज पाहतो. मग आपल्या पोरांना आपली ओळख का मिळू नये? बाबासाहेबांनीही ओळख असलेल्याला पत्र घातलेच होते.

कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे आहेत. ते ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच. तिथून जाताना आपण हात जोडतो आणि घटनेचे शिल्पकार आठवतो. नोकरी शोधून थकलेल्या मुलाने मात्र तिथे १९१८ सालचे बाबासाहेब आठवावेत. तेव्हा त्यांच्या हाती नोकरी नव्हती, कंपनी बुडाली होती, घरी पाच वर्षांचे मूल होते, आणि तरी रोजचे काम चालू होते. धम्माच्या अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम सांगितला आहे. आमच्या समजुतीप्रमाणे तो हाच, उद्या पुन्हा उठून केलेला प्रयत्न.

तेव्हा मायबहिणींनो, आज संध्याकाळी पोरगा घरी आला की त्याला आपल्याबरोबर जेवायला बसवा. ‘लागलं का?’ असे विचारू नका. आज काय केलंस, ते विचारा. तो सांगेल ते ऐकून घ्या. आणि काहीच केले नाही असे म्हणाला, तर आमच्या आईसारखे म्हणा, “बरं. उद्या करशील.”

जय भीम.